कोल्हापूरच्या पावसासाठी एमसीपी सर्व्हर: पहिल्या ओळीपासून इंटरनेटवर चढवेपर्यंत

जुलै उजाडला की कोल्हापुरात पावसाबद्दल दोनच प्रश्न ऐकू येतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, आणि गगनबावड्याला पाऊस आहे का? दुसरा प्रश्नही पहिल्याइतकाच महत्त्वाचा, कारण तिकडच्या पावसाने, शहरात ऊन पडलेलं असतानाही पंचगंगा चढत असते. हाच प्रश्न क्लोडला किंवा चॅटजीपीटीला विचारून बघा. हवामानाचं साधन जोडलेलं नसेल तर एकतर ताजी माहिती नाही म्हणून हात वर करेल, नाहीतर वेबवर शोधून कोल्हापूर शहराचा अंदाज वाचून दाखवेल. गगनबावड्याचा विषय निघणारच नाही.

असिस्टंटला ही माहिती पुरवणारा सर्व्हर, म्हणजे एमसीपी सर्व्हर, आपण स्वतः बांधू शकतो आणि इंटरनेटवर ठेवून कुठूनही वापरू शकतो. पायथन थोडंफार येतं आणि टर्मिनल उघडायला भीती वाटत नाही, एवढं मी गृहीत धरलंय. कोड फार नाही. खरा वेळ जातो तो टूलचं (म्हणजे असिस्टंटला बोलावता येणाऱ्या फंक्शनचं) वर्णन लिहिण्यात, उत्तरात काय द्यायचं ते ठरवण्यात आणि कुठल्या प्रश्नाला साफ नाही म्हणायचं ते पक्कं करण्यात. म्हणून लेखातली जास्त जागाही त्यालाच दिली आहे. आज्ञा आणि पॅकेजची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा.

## आत काय चालतं

अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. असिस्टंटने बाहेरच्या साधनांशी कसं बोलायचं याचे हे ठरलेले नियम. त्याआधी प्रत्येक असिस्टंटसाठी वेगळी जोडणी लिहावी लागायची. आता सर्व्हर एकदा लिहिला की एमसीपी समजणारं कुठलंही ॲप तो वापरू शकतं.

संवाद जेसन-आरपीसी २.० मध्ये होतो आणि क्रम साधा आहे. ॲप आधी 'इनिशियलाइज' पाठवतं, दोघं प्रोटोकॉलची आवृत्ती ठरवतात. मग ॲप 'टूल्स/लिस्ट' विचारतं आणि सर्व्हर आपल्या टूलची यादी देतो: नाव, वर्णन आणि कुठले इनपुट लागतात त्याचा स्कीमा. वापरणाऱ्याने प्रश्न विचारला की असिस्टंटमागचं भाषेचं मॉडेल ही यादी बघून ठरवतं कुठलं टूल वापरायचं, आणि ॲप 'टूल्स/कॉल' पाठवतं. आलेलं उत्तर मॉडेलसमोर ठेवलं जातं आणि ते त्यावरून बोलतं.

एक गोष्ट इथेच डोक्यात पक्की बसू द्या. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला दिसतं फक्त नाव, वर्णन, स्कीमा आणि परत आलेला मजकूर. आत कितीही हुशारी केलीत तरी या चार जागांत जे लिहिलं नाही ते मॉडेलच्या लेखी नाहीच.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. 'एसटीडीआयओ' मध्ये सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपवर ॲपच्या पोटात चालतो. 'स्ट्रीमेबल एचटीटीपी' मध्ये तो नेटवर्कवर असतो आणि अनेकजण वापरू शकतात. आपल्याला दुसरा हवा. हा मार्ग प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत आला आणि त्याने जुन्या 'एचटीटीपी अधिक एसएसई' पद्धतीची जागा घेतली. दोन वेगवेगळे पत्ते ठेवायला सांगणारा जुना लेख सापडला तर तो बाजूला ठेवा. आता एकच पत्ता पुरतो.

## डेटा कुणाचा घ्यायचा

एमसीपीच्या अधिकृत शिकवणीतसुद्धा उदाहरण हवामानाचंच आहे, पण ते अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसवर चालतं आणि ती सेवा अमेरिकेपुरतीच आहे. तो कोड जसाच्या तसा उचलून त्याला कोल्हापूर विचारलंत तर हाती काहीच लागणार नाही.

आपल्यासाठी ओपन-मीटिओ ही हवामान-अंदाजाची सेवा सोयीची आहे. बिगर-व्यावसायिक वापराला फुकट, एपीआय की (सेवेचा परवाना-कोड) लागत नाही, दिवसाला १०,००० कॉलची मर्यादा. अक्षांश-रेखांश दिले की जेसनमध्ये १६ दिवसांपर्यंतचा अंदाज मिळतो. डेटा 'सीसी बाय ४.०' परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देणं बंधनकारक. ते प्रत्येक उत्तराच्या शेवटी एका ओळीत घालून टाका म्हणजे विषय संपला. साखर कारखान्यासाठी किंवा शेतीसल्ल्याच्या धंद्यासाठी हे बांधत असाल तर पैसे भरून की घ्या.

भारतीय हवामान विभागाचे इशारे हाच आपल्याकडचा अधिकृत शब्द. आपला सर्व्हर त्याची जागा घेत नाही, आणि हे वाक्य टूलच्या उत्तरातही असलं पाहिजे.

## टूल ठरवताना एपीआयकडे बघू नका

बहुतेकजण एपीआयची (म्हणजे प्रोग्रामने सेवेकडे डेटा मागायच्या पद्धतीची) पानं उघडतात आणि प्रत्येक सोयीसाठी एकेक टूल करत सुटतात: तापमानाचं एक, वाऱ्याचं एक, आर्द्रतेचं एक. यादी वाढते, मॉडेल गोंधळतं, एका प्रश्नाला चार कॉल जातात. त्यापेक्षा लोक काय विचारतात ते आधी लिहून काढा.

करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावरचा एक प्रश्न घेऊ. रस काढून उरलेली चिपाडं वाळवायला पसरायची असतात, तीच चुलवाणाचं जळण. गुऱ्हाळं सुरू होतात तेव्हा परतीच्या पावसाची धाकधूक असतेच. गुऱ्हाळवाला विचारणार, "आज चिपाडं पसरली तर चालतील का?" याला दिवसभरात ८ मिलिमीटर पाऊस हे उत्तर निरुपयोगी आहे. सकाळपासून चारपर्यंत कोरडं आणि संध्याकाळी एक जोरदार सर, असं असेल तर तो पसरेल आणि तीनला गोळा करेल. तेच ८ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडणार असतील तर हातच लावणार नाही. म्हणजे अंदाजाच्या टूलने दिवसाची बेरीज देऊन भागत नाही. दिवसाचे तुकडे पाडून द्यायला हवेत.

या विचाराने तीन टूल पुरतात. पहिलं, ठिकाणाचा अंदाज, दिवसाच्या तुकड्यांसह. दुसरं, पंचगंगेच्या पाणलोटातला पाऊस. तिसरं, आत्ताची स्थिती, जे लिहायला फारसं काही नाही.

नदीचं चौथं टूल करायचा मोह होईल. ओपन-मीटिओकडे नदीतल्या प्रवाहाचा अंदाजही आहे, ग्लोफास या युरोपीय यंत्रणेचा. मी ते घेऊ नका म्हणेन. त्याची जाळी सुमारे ५ किलोमीटरची आहे, त्यामुळे तुमचा बिंदू कधी पंचगंगेऐवजी शेजारच्या ओढ्याच्या चौकटीत पडतो. शिवाय आकडा घनमीटर प्रति सेकंदात आणि गणिताने काढलेला. राजाराम बंधाऱ्यावरचे फूट त्यावरून सांगता येत नाहीत. मॉडेलच्या हाती तो आकडा दिला की ते छातीठोकपणे पुराबद्दल बोलायला लागेल. इथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि २०१९ व २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं लोकांनी पाहिलंय. अशा गावात तसलं बोलणं परवडत नाही.

## मांडणी

पायथन ३.१० किंवा पुढचं हवं. 'यूव्ही' हे पॅकेज-साधन टाकून घ्या; 'यूव्ही इनिट' ने फोल्डर तयार करा आणि 'यूव्ही ॲड' ने दोन पॅकेज जोडा: 'एमसीपी' (त्याच्या 'सीएलआय' जोडीसह) आणि 'एचटीटीपीएक्स'. पहिलं प्रोटोकॉलचं अधिकृत एसडीके (तयार कोडचा संच), दुसरं ओपन-मीटिओकडे विनंती पाठवायला. यूव्ही आपोआप एक लॉक फाइल तयार करतं, ज्यात पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्या नोंदलेल्या असतात; ती गिटमध्ये ठेवा. हे एसडीके वेगाने बदलतं, आज चाललेला कोड चार महिन्यांनी नव्या आवृत्तीवर चालेलच असं नाही.

मुख्य फाइलमध्ये एसडीकेमधला 'फास्टएमसीपी' वर्ग घेऊन सर्व्हरला नाव द्या. पुढे प्रत्येक टूल म्हणजे एक साधं फंक्शन, ज्याच्या डोक्यावर 'टूल' हा डेकोरेटर. फंक्शनच्या इनपुटचे टाइप लिहिलेत की स्कीमा त्यावरूनच तयार होतो आणि फंक्शनखालची डॉकस्ट्रिंग टूलचं वर्णन बनते. फंक्शनं 'एसिंक' ठेवा, म्हणजे एकाचं उत्तर यायची वाट बघताना दुसऱ्याचं काम अडत नाही.

टूलची नावं रोमन अक्षरांत आणि अंडरस्कोअर वापरून ठेवा. मॉडेलच्या एपीआयना देवनागरी नावं चालतीलच असं नाही. वर्णन आणि उत्तरं मात्र बिनधास्त मराठीत लिहा, मॉडेलला ती नीट कळतात.

## ठिकाणांचा तक्ता हाताने करा

ओपन-मीटिओकडे नावावरून ठिकाण शोधायची सेवा आहे. जगभरच्या शहरांसाठी ती उत्तम, जिल्ह्यासाठी घातक. मलकापूर घ्या. शाहूवाडी तालुक्याचं मुख्य गाव मलकापूर, कराडजवळ एक मलकापूर, आणि बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर वेगळंच. शोध सेवा त्यातलं कुठलं वर देईल याचा भरवसा नाही, आणि बुलढाण्याचा अंदाज शाहूवाडीच्या माणसाला मिळाला तर त्याला कळणारही नाही. भुदरगडचंही तसंच: तो किल्ला आणि तालुका, पण तालुक्याचं गाव गारगोटी.

म्हणून बारा तालुक्यांची एक डिक्शनरी करा: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, कागल, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज, चंदगड. प्रत्येकापुढे अक्षांश-रेखांश. कोल्हापूर शहर साधारण १६.७० उत्तर, ७४.२४ पूर्व; गगनबावडा १६.५५, ७३.८३, राधानगरी १६.४१, ७३.९९, शिरोळ १६.७४, ७४.६०. बाकीचे नकाशावर बोट ठेवून टिपून घ्या, दोन दशांश पुरतात.

प्रत्येक ठिकाणाला टोपणनावं जोडा, देवनागरी आणि रोमन दोन्हींत. विचारणारा मराठीत विचारतो, पण मॉडेल टूलला कॉल करताना पुष्कळदा रोमन स्पेलिंग पाठवतं. कोल्हापूर आणि कोल्हापुर, दोन्ही घ्या. तुलना करण्याआधी मजकूर युनिकोडच्या 'एनएफसी' रूपात आणा अदृश्य जोडअक्षर-चिन्हं काढून टाका आणि 'ऱ' च्या जागी 'र' धरा. एकाच कऱ्हाडचा 'ऱ्हा' दोन कीबोर्डवरून दोन वेगळ्या कोडांनी येतो. डोळ्याला सारखा, संगणकाला वेगळा.

तक्त्यात नसलेलं ठिकाण आलं तर शोध सेवेकडे जा, पण उत्तराच्या पहिल्याच ओळीत जिल्हा आणि राज्य लिहा. काहीच सापडलं नाही तर एरर द्या, आणि तो मॉडेलसाठी लिहा. फंक्शनमधून एक्सेप्शन फेकलंत की एसडीके त्याचा मजकूर 'एरर' अशी खूण लावून मॉडेलपर्यंत पोचवतं. '४०४' एवढंच लिहिलंत तर ते काहीबाही बोलेल. "हे ठिकाण सापडलं नाही. वापरणाऱ्याला तालुका विचारा आणि तालुक्याचं नाव पाठवा" असं लिहिलंत तर ते तसंच करेल.

## अंदाजाचं टूल

इनपुट दोन: ठिकाण आणि किती दिवस. दिवसांवर १ ते ७ अशी मर्यादा स्कीमातच घाला. सेवा १६ दिवस देते हे खरं, पण घाटाच्या कडेला दहाव्या दिवशीचा पाऊस सांगण्यात अर्थ नाही.

ओपन-मीटिओला तासागणिक तापमान, पाऊस, पावसाची शक्यता, हवामान-कोड आणि वाऱ्याचा वेग मागा. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा स्पष्ट लिहा. तो वगळला तर वेळ जीएमटीत येते, म्हणजे तुमचा 'दिवस' पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि पहाटेचा पाऊस आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतो. तासाचा पाऊस हा त्या वेळेआधीच्या तासाभरातला असतो, हेही तुकडे पाडताना ध्यानात घ्या.

मग तासांची बेरीज करून पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे तुकडे पाडा. ७२ तासांचं कच्चं जेसन मॉडेलपुढे ओतू नका. एकतर जागा खातं, दुसरं म्हणजे बेरजा मॉडेलवर सोडल्या की त्या कधीतरी चुकतातच. हवामान-कोडही शब्दांत बदलून द्या: ० निरभ्र, ६१ हलका पाऊस, ६३ मध्यम, ६५ जोरदार, ८० ते ८२ सरी, ९५ विजांचा कडकडाट. उत्तर साधारण असं दिसावं (आकडे नमुन्याचे):

*करवीर, कोल्हापूर जिल्हा. हवामान-मॉडेलचा अंदाज, प्रत्यक्ष मोजणी नाही.*
*आज सकाळ (६ ते १२): पाऊस ० मिमी, शक्यता १० टक्के, कमाल २९ अंश.*
*आज दुपार (१२ ते ४): पाऊस ०.४ मिमी, शक्यता ३५ टक्के.*
*आज संध्याकाळ (४ ते ८): पाऊस ७ मिमी, शक्यता ७० टक्के, विजांचा कडकडाट.*
*स्रोत: ओपन-मीटिओ. अधिकृत इशाऱ्यासाठी हवामान विभाग पाहा.*

प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं नाव आणि एकक आहे. नुसतं '७०' सोडलंत तर ते ७० टक्के शक्यता की ७० मिलिमीटर हे मॉडेल अंदाजाने ठरवेल.

एचटीटीपीएक्सचा टाइमआउट मुळात ५ सेकंद असतो, तो १० करा. त्याच ठिकाणाचं उत्तर १५ मिनिटं मेमरीत जपून ठेवा. हवामानाचं मॉडेल मिनिटागणिक बदलत नाही आणि तुमचे कॉल वाचतात.

## पाणलोटाचं टूल

हा या सर्व्हरचा जीव. पंचगंगा प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या पाण्यातून तयार होते. या नद्या सह्याद्रीच्या कुशीतून येतात, त्यामुळे शहराचा पाऊस बघून नदीचा अंदाज बांधता येत नाही. चार नद्यांसाठी चार बिंदू धरा: कुंभीसाठी गगनबावडा, भोगावतीसाठी राधानगरी, आणि कासारी व तुळशीसाठी त्यांच्या धरणांची ठिकाणं. ओपन-मीटिओला एकाच विनंतीत स्वल्पविराम देऊन अनेक अक्षांश-रेखांश पाठवता येतात, उत्तरात यादी येते. सरासरी काढू नका, चारही आकडे वेगळे द्या. सरासरीत गगनबावड्याचा धो धो पाऊस तुळशीच्या रिमझिमीत बुडून जातो.

आता इथला सगळ्यात बारीक मुद्दा. पेपरात 'गेल्या २४ तासांत' म्हणून जो पाऊस छापून येतो, ते २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे असतात, कारण हवामान विभागाची मोजणी तशी आहे. एपीआयचा दिवस मध्यरात्री बदलतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की जुळणार नाहीत आणि वापरणारा म्हणणार, तुझा सर्व्हर गंडलाय. म्हणून या एका टूलसाठी टाइमझोन मुद्दाम जीएमटी मागा. भारतातले साडेआठ म्हणजे जीएमटीचे बरोबर ३. काल जीएमटी ४ वाजताच्या नोंदीपासून आज ३ च्या नोंदीपर्यंतचे २४ आकडे बेरीज केलेत की पेपरचा दिवस मिळतो. कालचे, आणि सकाळी लवकर विचारलं तर परवाचेही तास हवेत म्हणून 'पास्ट डेज' २ द्या. तीच बेरीज पुढच्या साडेआठपर्यंत केलीत की येणाऱ्या दिवसाचा अंदाज. साडेआठच्या आत विचारलं तर शेवटची पूर्ण झालेली खिडकी कालची, हे कोडमध्ये विसरू नका.

बेरीज झाली की वर्गवारीही सर्व्हरनेच करावी. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. हे तीन 'इफ' कोडमध्ये घाला. मॉडेलवर सोडलंत तर ४० मिलिमीटरलाही ते 'मुसळधार' म्हणेल, कारण बातम्यांत तो शब्द स्वस्त झालाय. रेड किंवा ऑरेंज अलर्ट हे शब्द मात्र टूलने कधीच वापरू नयेत. ते रंग देण्याचा अधिकार हवामान विभागाचा.

## वर्णन लिहायला वेळ द्या

पाणलोटाच्या टूलचं वर्णन "पंचगंगा पाणलोटातील पाऊस देते" असं एका ओळीत आटोपलंत तर ते चालेल, पण चुकीच्या वेळी चालेल. मी असं लिहीन:

*पंचगंगेच्या चार उपनद्यांच्या पाणलोटातला पाऊस देते: हवामान विभागाच्या दिवसानुसार मागच्या २४ तासांचा मॉडेल-अंदाजित पाऊस आणि पुढच्या २४ तासांचा अंदाज. वापरणारा पंचगंगा, पूर, पाणी चढणं किंवा गगनबावडा-राधानगरीचा पाऊस याबद्दल विचारेल तेव्हा वापरा. नदीची पातळी, धरणाचा विसर्ग, बंद रस्ते किंवा पाण्याखालचे बंधारे याची माहिती या टूलकडे नाही. या आकड्यांवरून ती अनुमानाने सांगू नका. त्यासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे (१०७७) पाठवा.*

काय देतं, कधी वापरायचं, काय देत नाही, आणि तेव्हा काय करायचं, असे चार भाग. तिसरा भाग लोक हमखास गाळतात. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यातले किती उघडलेत हे कुठल्याच हवामान एपीआयला ठाऊक नसतं, पण मॉडेलला विचारलं तर ते पावसाच्या आकड्यावरून एक सुसंगत कहाणी रचून देऊ शकतं. नकाराचं हेच वाक्य उत्तराच्या मजकुरातही शेवटी घाला. गप्पा लांबल्या की वर्णनापेक्षा ताजं उत्तर मॉडेलच्या जास्त नजरेत असतं.

टूलला 'फक्त वाचणारं' अशी खूणही जोडता येते. काही ॲप्स ती बघून परवानगी विचारण्याची कटकट कमी करतात.

## लॅपटॉपवर तपासणी

फाइलच्या शेवटी सर्व्हर 'स्ट्रीमेबल एचटीटीपी' वर चालवायची ओळ लिहा आणि 'स्टेटलेस' पर्याय चालू करा. आपल्या टूलना आधीचं काही लक्षात ठेवायची गरज नाही, आणि स्टेटलेस सर्व्हर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी कुणाचं सत्र तुटत नाही. पोर्ट मुळात ८००० असतो आणि पत्त्याच्या शेवटी '/एमसीपी' लागतं.

तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडलात तर ४०६ दिसेल. घाबरू नका, सर्व्हर जिवंत आहे. ब्राउझर त्याची भाषा बोलत नाही इतकंच. तपासायला 'एमसीपी इन्स्पेक्टर' वापरा. नोड टाकलेलं असेल तर 'एनपीएक्स' ने ते थेट चालतं. त्यात पत्ता टाका, टूलची यादी बघा, प्रत्येकाला हाताने इनपुट देऊन उत्तर वाचा. ठिकाण म्हणून 'मलकापूर', रिकामी जागा, 'कोल्लापूर', आणि दिवस म्हणून ० आणि ५० देऊन बघा.

## इंटरनेटवर चढवताना

क्लोडच्या वेबमध्ये कनेक्टर म्हणून सर्व्हर जोडलात तर विनंती तुमच्या लॅपटॉपवरून जात नाही, अँथ्रोपिकच्या यंत्रणेतून येते. म्हणून सर्व्हर सार्वजनिक पत्त्यावर आणि एचटीटीपीएसवर हवा. घरच्या ब्रॉडबँडवर जुना संगणक चालू ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या. वळीव आला की लाइट जाते, आणि या सर्व्हरची गरज नेमकी तेव्हाच लागते. एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, मुंबईतला मिळाला तर उत्तम.

त्यावर कोड टाका, वेगळा युजर करा आणि सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या यंत्रणेची) सेवा लिहा, ज्यात पडला तर पुन्हा उठव अशी सूचना असेल. सर्व्हर १२७.०.०.१ वरच ऐकू द्या, बाहेरून थेट पोचता येऊ नये. त्याच्यापुढे 'कॅडी' हा वेब सर्व्हर ठेवा, जो बाहेरच्या विनंत्या आत पोचवतो. डोमेनचं नाव आणि आतला पोर्ट अशा दोन-तीन ओळींत काम होतं आणि प्रमाणपत्र ते स्वतः आणतं. एनजिनएक्स वापरत असाल तर प्रॉक्सी बफरिंग बंद करा, नाहीतर स्ट्रीम अडकतो. फायरवॉलमध्ये ८०, ४४३ आणि एसएसएच सोडून सगळं बंद.

कॅडीमागे सर्व्हर लावल्यावर ४२१ हा एरर आला तर दोष कॅडीचा नाही. एसडीके डीएनएस रिबाइंडिंग नावाच्या हल्ल्यापासून वाचण्यासाठी होस्टचं नाव तपासतं आणि तुमचं डोमेन त्याच्या यादीत नसतं. सुरक्षा-सेटिंगमध्ये परवानगी असलेल्या होस्टमध्ये डोमेन जोडा. तपासणीच बंद करून टाकायचा सोपा मार्ग घेऊ नका.

लॉगिन हवं का? डेटा सार्वजनिक आणि सर्व्हर फक्त वाचणारा, तेव्हा सुरुवातीला नाही लावलं तरी चालेल. धोका एवढाच की कुणीतरी दिवसाचे १०,००० कॉल काही तासांत संपवेल. कॅश आणि वेगमर्यादा यांनी ते आवरतं, पण मर्यादा आयपी पत्त्यानुसार लावलीत तर क्लोड वेबवरचे सगळे वापरणारे एकाच गटात मोजले जातील, कारण विनंत्या अँथ्रोपिकच्याच पत्त्यांवरून येतात. एकूण कॉलवर मर्यादा घाला. पुढे स्वतःच्या शेतातल्या पर्जन्यमापकाचे आकडे जोडणार असाल तेव्हा प्रोटोकॉलमधली ओऑथ २.१ ही लॉगिनची पद्धत लावा.

## जोडा आणि विचारा

क्लोडमध्ये सेटिंग्जमधून कस्टम कनेक्टर जोडा आणि पूर्ण पत्ता द्या. क्लोड कोड (टर्मिनलमधलं क्लोड) वापरत असाल तर 'एमसीपी ॲड' आज्ञेत ट्रान्सपोर्ट एचटीटीपी सांगून जोडता येतो. मग इन्स्पेक्टर विसरा आणि माणसासारखं विचारा.

"उद्या शिरोळला पाऊस आहे का?" अंदाजाचं टूल लागलं पाहिजे. "गगनबावड्याला लय पाऊस झालाय म्हणतात, पाणी चढंल का?" पाणलोटाचं टूल लागलं पाहिजे, आकडे आले पाहिजेत, आणि पातळीबद्दल साफ नकारासह १०७७ चा उल्लेख. "आज चिपाडं पसरू का?" इथे दिवसाचे तुकडे वापरून उत्तर आलं पाहिजे. "राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत?" इथे उत्तर 'माहीत नाही' हेच बरोबर, दुसरं काही आलं तर कोड न उघडता वर्णन पुन्हा लिहा.

हे प्रश्न एका फाइलमध्ये जपून ठेवा आणि एसडीके किंवा मॉडेल बदललं की पुन्हा चालवा. कुठलं टूल कुठल्या इनपुटने बोलावलं गेलं एवढा लॉगही ठेवा. लोक ठिकाणांची नावं कशी लिहितात ते त्यातूनच कळतं आणि टोपणनावांचा तक्ता वाढत जातो. पॅकेजच्या नव्या आवृत्त्या घ्यायच्या असतील तर मे महिन्यात घ्या. जून ते सप्टेंबर लॉक फाइलला हात लावू नका.